येसबाने पाहुण्यांना लाईट दिली

एका गावात एक भोळा मामा होता. नाव येसबा. भाची एकच, सारिका, पण मामा साऱ्या गावाचा. थोरल्या बहिणीकडे, आक्काकडे, तो राहायचा. आक्काचा नवरा मागेच वारला होता. येसबाला जे सांगाल ते तो करायचा. अगदी तेच करायचा, हीच तर पंचाईत होती.

सारिकाला बघायला ढवळ्यांची मंडळी येणार होती. याआधीची स्थळं सगळी नकार देऊन गेलेली. हेही गेलं तर लोकांना तोंड कसं दाखवू, ही आक्काला काळजी होती.

ढवळेसाहेब वस्ताद माणूस. जुनी बस घेऊन त्यांनी तिच्यात घर थाटलं होतं. पलंग, फ्रिज, एसी, न्हाणीघर, सगळं. बायकोला आणि मुलाला तिच्यात घालून ते गावोगाव मुली बघत हिंडायचे. मुक्काम मुलीच्या दारात, वीज मुलीच्या घरातली. मुलगी पसंत पडो न पडो, बॅटरी भरून निघायची.

बस अंगणात लागली. खिडकीतून लांबलचक वायर बाहेर आली.

"येसबा," आक्का म्हणाली, "पाव्हणं सांगतील तसं कर. तुझं डोकं चालवू नगंस."

हे येसबाला सोपं होतं.

"मामा," ढवळेसाहेब म्हणाले, "हे टोक घरात न्या. भिंतीत भोकं असतील, त्यात घट्ट बसवा."

येसबा आत गेला. भिंतीत भोक होतं. उंदरांचं. त्याने टोक आत सारलं आणि वरून चिखल लिंपला.

"बसवलं का?"

"बसवलं."

"मग लाईट का येत नाही?"

"काय की. म्या तर उंदरं बी हुसकली."

ढवळेसाहेब आत आले. टोकाचा चिखल पुसून त्यांनी खरी भोकं दाखवली आणि बजावलं, "मामा, आधी मेन बंद करायचा, मग हात लावायचा. मेन चालू असताना हात लावला तर माणूस जागच्या जागी मरतो."

येसबाने हे पक्कं ध्यानात ठेवलं. वायर लागली. लाईट आली. बसमध्ये एसी घुमू लागला.

आक्काने चहाचा ट्रे पुढे केला. "पाव्हण्यांना दिऊन ये."

येसबाला मरायचं नव्हतं. त्याने आधी मेन बंद केला, मग ट्रेला हात लावला.

बसमध्ये नवरा मुलगा सुहास मशीनने दाढी करत होता. मशीन थांबलं. डावा गाल झाला होता, उजवा राहिला होता. ढवळेसाहेब तणतणत आले आणि त्यांनी खाडकन मेन वर केला. एसी, फ्रिज, गिझर, मशीन, सगळं एकदम सुरू झालं आणि फट्कन फ्यूज उडाला. दाढीचं मशीनही जळालं.

फ्यूज बांधता बांधता साहेब म्हणाले, "बघितलंत? सगळ्यांना एकदम द्यायचं नाही. एकाला द्यायचं. त्याचं झालं की दुसऱ्याला."

"बराबर," येसबा म्हणाला.

मंडळी घरात येऊन बसली. सुहास डावा गाल पुढे करून बसला. आक्काने पोह्यांच्या बश्या भरल्या. "समद्यांस्नी दे."

येसबाने एक बशी ढवळेसाहेबांना दिली आणि बाकीच्या धरून उभा राहिला.

"आम्हाला?" ढवळेबाईंनी विचारलं.

"त्येंचं हू द्या. एकदम दिलं तर उडतंय."

साहेबांना पोहे फार आवडले. ते शेंगदाणा न् शेंगदाणा चावून खाऊ लागले. बाईंची पाळी येईपर्यंत त्यांच्या पोह्यांचा गोळा झाला होता.

"आरं, माणसं हायती ती," आक्का दातओठ खात पुटपुटली.

बाई फणकाऱ्याने उठल्या, बसकडे गेल्या आणि दाराला हात लावताच ओरडल्या. पत्र्यात करंट उतरला होता. साहेबांनी मेन बंद करून आक्काच्या घरचा बोर्ड उघडला. दोन वायरी एकमेकींच्या जागी बसल्या होत्या. त्यांनी त्या बदलल्या. बाईंनी भीतभीत दाराला बोट लावलं. काही झालं नाही.

"मामा, एवढं शिकून ठेवा," साहेब म्हणाले. "काम अडलं की आदळआपट करायची नाही. ह्या जागेचं त्या जागी करायचं, त्या जागेचं ह्या जागी. काम मार्गी लागतं."

येसबाला हे फारच पटलं.

सगळे परत येऊन बसले. सारिका चहाचा ट्रे घेऊन आली आणि समोर सतरंजीवर बसली. ढवळेबाईंनी विषय काढला. "मुलीला डेअरीतली नोकरी सोडावी लागेल."

"न्हाई सोडायची," सारिका म्हणाली.

आत चुलीपुढे बसलेल्या आक्काच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. येसबाचा बहिणीवर भारी जीव. त्याला ते बघवेना. काम अडलं होतं, आणि उपाय तर नुकताच शिकवला होता.

त्याने सुहासला खुर्चीवरून उठवून सतरंजीवर बसवलं आणि हातात चहाचा ट्रे दिला. सारिकाला त्याच्या खुर्चीत बसवलं. सारिका ऐसपैस बसली आणि म्हणाली, "लग्नानंतर तुमी नोकरी सोडाल न्हवं?"

सुहास आईकडे बघू लागला. काम अजून अडलेलंच होतं.

येसबाने विचार केला. अजून एक जोडी बदलायची राहिली होती. हात जोडून त्याने ढवळेबाईंना उठवलं आणि स्वयंपाकघरात चुलीपुढे पाटावर बसवलं. मग आक्काला दंडाला धरून आणलं आणि ढवळेसाहेबांच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं.

"आता व्हतंय बघा," तो म्हणाला.

काय झालं ते ढवळेबाईंच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग त्या ताडकन उठल्या, मुलाला बखोटीला धरून बसमध्ये चढल्या आणि हॉर्न दाबून धरला. सारिका हसून हसून वाकली. आक्का पदरात तोंड लपवून बसली.

ढवळेसाहेब मात्र खुर्चीतून हलले नाहीत. हॉर्न वाजत होता. त्यांनी रिकामी बशी अलगद आक्कापुढे धरली.

"मामा," ते म्हणाले, "वायर काढायची घाई करू नका."