पेटीतली घोंगडी

ऐका रे लहानांनो, आणि थोरांनो, तुम्ही तर नीटच ऐका. फार फार पूर्वी, राजे वेगळे होते पण थंडी हीच होती, तेव्हाची ही गोष्ट.

एका माळावर धुळाबा नावाचा धनगर राहायचा. त्याच्या बायकोनं आपल्या शेवटच्या वर्षी काळ्या मेंढ्यांची लोकर कातून नवऱ्यासाठी घोंगडी विणली. जाताना ती मुलाला म्हणाली, "म्हाळू, हिला चिंचोक्याची खळ लावलीय. अंधारात कोंडलीस तर कसर लागेल, किडा खाऊन टाकील. आबाच्या अंगावर असू दे. पंधरा दिवसांनी उन्हात टाक, काठीनं झटक. बास, एवढंच."

किती सोपं! पण सोपं ऐकतो कोण?

घोंगडी अशी देखणी, की गावानं तोंडात बोटं घातली. म्हाळूची छाती फुगली. "ही काय मेंढरांमागं मळवायची? जत्रेला पंच येतील, त्यांना बसायला अंथरू." त्यानं तिच्यावर देवाचा भंडारा उधळला, पेटीत घातली आणि किल्ली करगोट्याला बांधली. "आता देव राखील," म्हणाला. अरे शहाण्या, राखण देवानं करायची, आणि तू साधं ऊनही दाखवायचं नाहीस होय?

हिवाळा आला. धुळाबा म्हणाला, "तुझ्या आईची घोंगडी दे रे. थंडी हाडात शिरते."

"जत्रा होऊ द्या आबा. मग तुमचीच आहे."

त्या वर्षी गावात रोगराई आली, जत्रा भरलीच नाही. पुढच्या हिवाळ्यात म्हातारा पुन्हा म्हणाला, "म्हाळू, आता तरी दे."

"आठ दिवसांवर जत्रा आली, आणि आता मळवता?"

म्हातारा फाटकं गोणपाट ओढून निजला. मला त्याचाही राग येतो. पण बापाचं काळीज ते, पोराशी काय भांडणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी धुळाबा उठलाच नाही. थंडीनं आखडून गेला होता. सारा गाव जमला. गाव बघतोय म्हटल्यावर म्हाळूला बापाची माया आली. "आबाला आईच्या घोंगडीतच न्यायचं!" म्हणत त्यानं पेटी उघडली.

घोंगडीची दोन टोकं धरून त्यानं ती उचलली. टोकं तेवढी हातात आली. बाकीचा भुगा पेटीत पडला, वर भंडारा तसाच पिवळाधमक.

म्हाळू कसरीला शिव्या देऊ लागला. तेव्हा पेटीच्या तळातून एक कसर म्हणाली, "आमच्यावर का ओरडतोस? दोन हिवाळे आमची पोरंबाळं इथं उबेत वाढली. कुलूप लावून तूच आम्हाला वाढून ठेवलंस. बापाला 'नाही' म्हणालास, आम्हाला एकदा तरी 'नाही' म्हणालास?"

धुळाबाला गोणपाटातच नेलं.

जिवंत माणसाला नाकारून जपलेली ऊब शेवटी कसरीच्याच कामी येते.