आप्पांच्या परड्यातले पतंग

एका गावात एक भोळा शिपाई होता. नाव केरबा. ग्रामपंचायतीतली घागर भरायची, टेबल पुसायचं आणि सरपंच सांगतील ते करायचं, एवढंच त्याचं काम. पण सांगितलेलं तो असं करायचा, की सांगणाऱ्याला घाम फुटावा.

सरपंच होते आनंदराव चौगुले. गाव त्यांना आप्पा म्हणे. त्या वर्षी आप्पांना घरामागच्या परड्याचं वेड लागलं. पावसाळा सरल्यावर ज्याच्या परड्यात सगळ्यात जास्त किडे, पाखरं आणि दिव्यावर येणारे पतंग नोंदले जातील त्याला ढाल, असं तालुक्यानं जाहीर केलं होतं. झालं. गावचे नळ कोरडे राहिले तरी चालतील, पण आप्पांच्या परड्यातला पतंग नोंदीतून सुटता कामा नये. लोक चिडले. आप्पांना खाली खेचायचा ठराव आणायची भाषा सुरू झाली. आप्पांची खुर्ची गेली तर आपलं स्टूलही जाणार, हे केरबाला पक्कं ठाऊक होतं. म्हणून बिचारा जीव तोडून राबायचा. घोटाळा नेमका तिथंच होता.

आप्पा म्हणाले, "केरबा, तिन्हीसांजेला परड्यात पांढरी चादर लाव, शेजारी कंदील ठेव. चादरीवर जे येऊन बसेल ते लिही."

केरबानं चादर जमिनीवर अंथरली. आप्पांची आत्या घेवड्याच्या शेंगा घेऊन आली आणि चादरीवर ऐसपैस बसली. केरबानं लिहिलं: आत्या, नग एक. रंग सावळा. पंख नाहीत. आवाज करते.

आप्पांनी कपाळाला हात लावला. "अरे शहाण्या, चादर दोरीवर टांगायची. आणि माणूस लिहायचा नाही. कळलं?"

"कळलं, आप्पा."

दुसऱ्या दिवशी पारूबाई पंचायतीत आली. नळाला पाणी नाही, तक्रार लिहून घे म्हणाली. केरबा म्हणाला, "माणूस लिहायचा न्हाई." मग तिच्या मागून अख्खी आळी आली. आळीलाही तेच उत्तर. महिनाअखेर गावात एकही तक्रार नाही असा अहवाल वर गेला, आणि वरून शाबासकी आली. यात काही चुकलं असं आप्पांना वाटलं नाही.

परड्यातल्या नोंदी मात्र भलत्याच फुगल्या. एकच जाडजूड पतंग चादरीवर बसे, उडे, परत बसे, आणि केरबा दर वेळी नवा म्हणून लिही. आप्पा म्हणाले, "तसं नाही रे बाबा. मोजलेल्याच्या पाठीवर बारीक ठिपका दे. ठिपकेवालं परत मोजायचं नाही."

"बरं, आप्पा."

कोजागिरी आली. रुसलेल्या लोकांना आप्पांनी मसाला दूध प्यायला बोलावलं. वाटायला केरबा. ज्याला पेला दिला त्याच्या पाठीवर केरबानं चुन्याचा ठिपका दिला. सोसायटीचे चेअरमन नवाकोरा सदरा घालून आले होते. त्यांनी दुसरा पेला मागितला. केरबानं त्यांना खांद्याला धरून फिरवलं, पाठ बघितली आणि म्हणाला, "तुमचं झालंय." चेअरमन तडक उठले. ठरावावर पहिली सही त्यांचीच पडली.

आप्पा खवळले, पण ढालीचे दिवस जवळ आलेले, रागवायला सवड कुठली. त्यात केरबा एका पतंगामागे धावताना शेवंतीचा अख्खा वाफा तुडवून आला. आप्पा दातओठ खात म्हणाले, "फडफडणाऱ्याच्या मागं लागायचंच नाही. जागच्या जागी गप्प असेल तेवढंच मोजायचं."

"एवढंच ना, आप्पा. सोपं हाय."

मग ठरावाची गावसभा भरली. आप्पांनी घरोघर हात जोडून, दिवाळीआधी नळ सोडतो म्हणून शपथा घेऊन माणसं वळवली होती. ग्रामसेवकांनी आधी विरोधातले हात मोजले. चेअरमन धरून पाच. मग म्हणाले, "आप्पा हवेत त्यांनी हात वर करा." बाकीची सगळी सभा हात वर करून हलवायला लागली. ग्रामसेवकांना चष्म्यातून मागचं काही दिसेना.

आप्पा खुशीत येऊन म्हणाले, "केरबा, तू मोज. परड्यात मोजतोस तसं नीट मोज."

केरबा स्टुलावर चढला. सभा बघितली, भिंती बघितल्या, छत बघितलं. "चार," म्हणाला.

ग्रामसेवकांनी चार लिहिले, सही केली, शिक्का मारला आणि मग मान वर केली. एकदा शिक्का पडला की खोडता येत नाही म्हणाले.

आप्पांचा चेहरा पांढराफटक पडला. "केरबा, अरे शंभर हात वर होते."

"व्हते की. पर फडफडत व्हते."

"मग परत मोज."

"मोजलेलं परत मोजायचं न्हाई, आप्पा."

"अरे, पण गप्प बसलेले तर विरोधातले होते. ते पाच. तू चार कोण मोजलेस?"

"ती तर माणसं. माणूस लिहायचा न्हाई. ट्यूबलाइटवरचे तीन पतंग आणि एक पाल."

आप्पा मटकन खाली बसले. केरबाला त्यांची फार कणव आली. तो त्यांच्या शेजारी टेकला आणि हळूच म्हणाला, "जिवाला लावून घेऊ नका, आप्पा. आपण सहा व्हतो, जिंकलोच व्हतो. मी स्टुलावर चढेस्तोवर त्या पालीनं दोन पतंग गिळले."