झिजलेली जागा

“...मग आचका देती कशामुळं, उस्ताद?”

बाबालाल उस्ताद बशीतला चहा संपवत होते.

आधी चहा, मग गाडी, ही त्यांची रीत अभिनंदनच्या चांगल्या ओळखीची होती. जयसिंगपूरच्या याच गॅरेजात तो त्यांच्या हाताखाली तयार झाला. मग पुण्याला स्वतःचं गॅरेज काढलं, आणि तिथं आता तो नाकावर माशी बसू देत नव्हता. पण वडिलांच्या, अण्णांच्या, या जुन्या पांढऱ्या गाडीपुढं त्यानं हात टेकले होते. जोरात हाणली की काही तक्रार नाही. हळू चालवली की एका ठरावीक जागी आचका द्यायची.

अण्णांना जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. गाडीत त्यांच्या तपकिरीचा वास होता. तो उडून जायच्या आत गाडी धड करून आपल्याजवळ न्यायची, एवढाच त्याचा हट्ट होता.

“थ्रॉटलचा सेन्सर बघितलास?”

“पहिला तोच. ॲक्सिलरेटर सोडून थ्रॉटल पुरता बंद असताना व्होल्ट बरोबर. पुरता उघडल्यावर पण बरोबर.”

“म्हंजे दोन्ही टोकं बघितलीस.”

“हां.”

“आन् मधलं?”

अभिनंदन चिडला. “मधलं काय बघायचं त्यात? टोकं बरोबर आली म्हणजे...”

उस्तादांनी बशी खाली ठेवली. फळीवरून काट्याचा जुना मीटर काढला, त्याच्या तारा सेन्सरला लावल्या. इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवली.

“उघड.”

अभिनंदननं बोटांनी थ्रॉटल उघडला. काटा सरळ वर गेला.

“हळू.”

त्यानं पुन्हा उघडला. काटा पुन्हा वर गेला.

“हळू म्हटलं की रं...”

“हळूच करतोय!”

उस्तादांनी आपला हात त्याच्या हातावर ठेवला. दोन्ही हात मिळून थ्रॉटल उघडू लागले, तेही इतके सावकाश की अभिनंदनला हात हिसडून घ्यावासा वाटला. काटा चढत गेला... चढत गेला... आणि अर्ध्यावर पोचायच्या आधीच धपकन खाली आला. लगेच उठून पुढं चालू लागला.

पुन्हा करून पाहिलं. काटा तिथंच पडला.

“सेन्सरच्या आतली पट्टी झिजलीय,” अभिनंदन म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. “पण एकाच जागी? बाकी तर नव्यासारखी हाय.”

“ॲक्सिलरेटरवर अण्णांचा पाय तिथंच असायचा.”

“एवढ्या कमी वेगात? जायचे कुठं?”

“फाट्याकडं. दर शनिवारी. पुण्याच्या एसट्या थांबत्यात तिथं.”

अभिनंदनला आधी काही कळलं नाही.

मग कळलं. अण्णांनी ‘कधी येतोस?’ म्हणून कधीच विचारलं नव्हतं. त्यानंच प्रत्येक फोनवर आपणहून सांगितलं होतं, ‘या शनिवारी जमतंय का बघतो.’ आणि सांगून विसरला होता.

“मग तिथं गाडी लावून थांबायचं की,” तो कसाबसा म्हणाला. “चालवत कशाला राहायचे?”

“थांबलं की लोक विचारत्यात, कुणाची वाट बघताय म्हणून...”

उस्ताद मीटरच्या तारा गुंडाळत होते.

“म्हणून फाट्यावरनं हळूहळू पुढं जायचे, वळून परत हळूहळू यायचे. शेवटची एसटी जाईपर्यंत.”

अभिनंदन गाडीला टेकून उभा राहिला. त्याला अण्णा हवे होते. गाडी नको, तपकिरीचा वास नको, अण्णा हवे होते. त्या सगळ्या शनिवारांपैकी एका तरी शनिवारी त्याला फाट्यावर पिशवी घेऊन उतरायचं होतं, शेजारी बसायचं होतं आणि ‘किती हळू चालवता हो!’ म्हणून त्यांच्यावर खेकसायचं होतं.

उस्ताद आतून नवा सेन्सर घेऊन आले. अभिनंदननं हात आडवा धरला.

“नको. राहू दे तसंच. देऊ दे आचके.”



उस्तादांनी त्याचा हात बाजूला केला. जुना सेन्सर काढून त्याच्या मुठीत दिला. नवा बसवला, स्क्रू आवळले, बॉनेट लावलं.

“आता हिच्यात अण्णांचं काय राहिलं, उस्ताद?”

उस्तादांनी गाडीची चावी त्याच्या हातात ठेवली.

“हा नवा सेन्सर कोरा हाय. कुठं झिजवायचा, ते तुझं तू बघ.”