शंभरीची हमी

मिरजेच्या कलावतीबाईंची उभी हयात खानावळ चालवण्यात गेली. ऐंशीव्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा घर विकून त्या वृद्धाश्रमात चौकशीला गेल्या. संचालक शिंगटेसाहेब ऐटीत म्हणाले, "आमची सेवाच अशी, की इथला माणूस शंभरी गाठतोच! तेव्हा वीस वर्षांचे पैसे एकदम भरा."

म्हणजे घराची सगळी रक्कम गेली की! बाईंनी पदर सावरला. "भरते. पण साहेब, तुमच्या मातोश्री कुठं असतात?"

"घरी, माझ्याजवळ."

"अगं बाई! लेक गावाला शंभरी वाटतो आणि जन्मदात्रीलाच वाढत नाही?"

बाईंनी खुर्ची पुढं ओढली.

"माझं गिऱ्हाईक आधी बघायचं, मालकीण कुठं जेवते. म्हणून मी गिऱ्हाइकांच्याच पंगतीत बसायचे. आईंना इथं आणा. त्यांनी वीस वर्षांचे भरले, की मीही भरते."

साहेबांनी घाम पुसला. "तुम्ही दरमहा द्या, बाई. शंभरीचं काय, देवाच्या हाती."

"आत्ता कसं बोललात! हे घ्या पहिल्या महिन्याचे. पण आईंना एकदा जेवायला आणाच. आमटी पाणचट निघाली, तर तुमची तक्रार मी कुणाकडे करू?"