बिनकाठाच्या टोपल्या

फार वर्षांपूर्वी, वेळूच्या बनाला लागून असलेल्या एका गावात एक बुरूड राहायचा. तिथे प्रत्येक बुरुडाची टोपलीचा काठ बांधायची रीत वेगळी असे. काठ पाहूनच लोक ओळखत, ही टोपली कुणाची.

पुढे तो दारूला लागला. हात कापू लागले. मग बायकोनं काय केलं? टोपल्या ती स्वतः विणू लागली आणि नवऱ्याच्या रीतीचा काठ मात्र तिला जमेना, म्हणून तो बापाकडे पाहून शिकलेल्या लेकीकडून बांधून घेऊ लागली. गावाला कळायला नको ना! बुरूडही गुत्त्यात बसून म्हणे, "पितो म्हणून काय झालं? बाजारात टोपल्या माझ्याच आहेत की!"

घरात चूल कधी पेटे, कधी नाही. कडी वाजली तरी मुलगी दचके. शाळेत मात्र ती भान हरपून शिके.

एकदा गुरुजी म्हणाले, "उद्या तालुक्याला परीक्षा आहे. पास झालीस तर तिथंच राहायचं, शिकायचं. जेवणही मिळेल. पण ही संधी एकदाच, बाळ."

सकाळी ती निघाली, तर आई दारात आडवी. "आज बाजार आहे. आठ टोपल्या बिनकाठाच्या पडल्यात. बापाची अब्रू जाईल गं!"

"काठ मी बांधते, म्हणूनच बाबांना वाटतं सगळं ठीक आहे."

"फार जीभ चालायला लागली! हेच शिकवतात का शाळेत?"

मुलगी रडू लागली. तरी आईला वळसा घालून ती उंबऱ्याबाहेर पडली.

नवरा-बायको तशाच टोपल्या घेऊन बाजारात बसले, तेव्हा लोक हसले. "काय बुरूडबुवा, काठ गुत्त्यात विसरलात का?"

बुरूड चिडून तिथेच काठ बांधायला बसला. बोटं ऐकेनात. कामट्या मोडत गेल्या. कितीतरी वर्षांनी त्यानं स्वतःचे हात नीट पाहिले. "मला वैद्याकडे ने," तो बायकोला म्हणाला.

वैद्यानं पोट तपासलं, डोळे पाहिले आणि मान हलवली. "पाच वर्षं आधी यायचं होतं."

थंडी सरायच्या आत बुरूड गेला.

मुलगी पास झाली, शिकली, तालुक्याच्या शाळेत बाई झाली. आईला न्यायला आली, तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तू गेलीस म्हणून नाही गं मेला तो. मीच त्याला पाच वर्षं लपवला."

मुलीनं आईचं गाठोडं उचललं आणि तिचा हात धरला.

तात्पर्य एवढंच: घरच्याचं व्यसन झाकलं, तर ते झाकणाखाली वाढतच जातं. आणि शिकायची वेळ आली की, रडत का होईना, उंबरा ओलांडावा.