चतकोराचा नेम

घड्याळं अजून कुणाच्या भिंतीवर आली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. नदीकाठच्या एका गावात एक आजी राहायची आणि तिचा सगळा दिवस नेमांवर चालायचा. अंघोळ झाली की तुळशीला पाणी, मग सूर्याला नमस्कार, मग देवीची पूजा, मग गाईला घास. बोलायला ती फार गोड होती, पण नेमाच्या बाबतीत तेवढीच हट्टी. सून हसून म्हणायची की प्रत्यक्ष देवी दारात येऊन 'आज राहू दे' म्हणाली, तरी सासूबाई तिला ओट्यावर बसवून ठेवतील आणि आधी तिचीच पूजा उरकतील.

घरात एक नात होती. आईवडील सकाळीच शेतावर जायचे, त्यामुळे दिवसभर घरात दोघींचंच राज्य. दुपारी जेवायच्या आधी आजी हातात तांदळाचे दाणे घ्यायची, थोडे नातीच्या मुठीत द्यायची आणि तिला मांडीवर घेऊन देवीची कहाणी सांगायची. त्या कहाणीत देवी चार वेळा वेष पालटून एका कुंभारणीच्या दारात येते. पहिल्यांदा तहानलेली वाटसरू होऊन, मग रडणारं पोर होऊन, मग भांडखोर शेजारीण होऊन आणि शेवटी आंधळी म्हातारी होऊन. कुंभारीण कुणालाच विन्मुख पाठवत नाही. शेजारणीचं भांडण आलं की आजी असा काही आवाज काढायची, की नात हसून हसून लोळायची आणि मुठीतले दाणे घरभर व्हायचे.

नात सहा वर्षांची झाली आणि एका दुपारी तिनंच अख्खी कहाणी सांगून दाखवली. एक शब्द चुकला नाही. शेजारणीचा आवाजसुद्धा तस्साच. आजीला अगदी भरून आलं आणि त्या भरात तिनं देवीपुढे हात जोडून नवा नेम घेऊन टाकला: आजपासून रोज नातीच्या तोंडून कहाणी ऐकीन, तेव्हाच अन्नाला शिवेन. नातीला विचारावं असं काही तिला सुचलं नाही. सहा वर्षांच्या पोरीला काय विचारायचं? पोर तर आनंदानं टाळ्या पिटत होती.

आजी एकभुक्त होती. दुपारी एक भाकरी आणि संध्याकाळी वाटीभर ताक, एवढाच तिचा आहार. काही वर्षं हा नेम मजेत चालला. नात सांगायची, आजी डोळे मिटून ऐकायची, मग दोघी जेवायच्या.

मग गावात एक नवे गुरुजी आले आणि त्यांनी देवळामागच्या पारावर दुपारची शाळा सुरू केली. नात तेव्हा तेरा वर्षांची होती आणि शाळा गाठायची म्हणून ती आता आजीच्या आधीच जेवून घ्यायची. चंद्र लहानमोठा का होतो, ढग कुठून येतात, हे ऐकून तिचं डोकं नुसतं भणभणून गेलं. तिला प्रश्न पडायला लागले. एकदा तिनं आजीला विचारलं, की देवी अशी दारात आलेली कुणी पाहिली तरी आहे का? आजी म्हणाली, पाहायला कशाला हवी, ती येऊन जाते. नातीला ते उत्तर मुळीच आवडलं नाही. आता ती मांडीवर तर बसत नव्हतीच, पण जवळही जरा सरकूनच बसायची. दारात मैत्रिणी थांबलेल्या असल्या, की मुठीत तांदूळ धरून कुंभारणीची कहाणी सांगायची तिला लाज वाटायची.

म्हणून तिनं कहाणीला कात्री लावली. आधी आंधळी म्हातारी गेली. नात शेजारणीपाशीच सुफळ संपूर्ण म्हणून मोकळी झाली आणि तिनं आजीकडे चोरून पाहिलं. आजीनं दाणे देवीपुढे ठेवले आणि ती म्हणाली, "जा बाय, उशीर होईल." नातीला वाटलं, म्हातारपण आलं, आजीच्या लक्षात राहत नाही आता. मग काही दिवसांनी शेजारीणही गेली. रडणारं पोर कधी यायचं, कधी नाही.

आता ज्या बाईला ती कहाणी पन्नास वर्षं पाठ होती, तिच्या लक्षात येणार नाही असं कसं होईल? पण नातीला त्या वयात जे सोयीचं, तेच खरं वाटत होतं.

त्या वर्षी आजी वाळायला लागली. चोळीच्या बाह्या सैल झाल्या, तुळशीचा तांब्या उचलताना हात थरथरू लागला. सुनेनं वैद्यांना बोलावलं. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि रोग काही नाही, अन्न कमी पडतंय, असं सांगितलं. सून भाकरीवर तुपाची धार धरायला लागली. जेवता ना नीट, असं रोज विचारायची. "कहाणी ऐकली की जेवते," आजी सांगायची. ते अगदी खरं होतं. गोठ्यातली गाय मात्र अलीकडे भलतीच तुकतुकीत दिसत होती.

एका दुपारी मैत्रिणींनी बाहेरून हाका मारल्या. नातीनं वाटसरूला घाईघाईनं पाणी पाजलं, कहाणी तिथंच संपवली आणि ती पळाली. अर्ध्या वाटेवर तिच्या ध्यानात आलं, की पाटी घरीच राहिली. ती परत आली, मागच्या दारानं आत शिरली आणि चुलीपाशी थबकली.

आजी ताटावर बसली होती. तिनं भाकरी मोडून चार चतकोर केले. एक ताटात ठेवला, तीन उचलून गाईसाठी बाजूला काढले. मग ती तो एक चतकोर खायला लागली. घास लवकर संपू नये म्हणून प्रत्येक घास ती बराच वेळ चावत होती.

नातीला आधी काही कळेना. मग तिनं ते चतकोर मोजले. ती पुढे आली.

"आजी, एवढंच का जेवतेस?"

"तेवढंच ऐकलं," आजी म्हणाली.

मागचे किती महिने नातीच्या डोळ्यांपुढून गेले. तीन चतकोरांचे दिवस, दोन चतकोरांचे दिवस. तिला रडू आलं आणि रडता रडता रागही आला. मला का नाही सांगितलंस, रागवायचं तरी होतंस, असं ती म्हणत राहिली. आजीनं तिचं सगळं ऐकून घेतलं.

"रागावले असते तर तू भीतीनं सांगितली असतीस," ती म्हणाली. "तसली ऐकून मला काय करायची?"

आता नातीपुढे मोठा पेच होता. उद्यापासून पूर्ण सांगते म्हटलं, की आजीचं पोट भरणार होतं आणि आजचा प्रसंग मिटणार होता. पण ते अर्धंच खरं झालं असतं. तिनं डोळे पुसले.

"आजी, मी नाही मानत हे. देवी कुणाच्या दारात येत नाही, असंच मला वाटतं. मग मी सांगितलेली कहाणी तुला कशी चालेल?"

एवढं स्पष्ट या घरात आजवर कुणी बोललं नव्हतं. नातीला वाटलं, आता आपण आजीला कायमचं दुखावलं. आजी उठली, देव्हाऱ्यापुढे गेली आणि देवीला हात जोडून म्हणाली की नेम माझा होता आणि भार मी पोरीवर टाकला, चुकलं माझं, आजपासून पोर मोकळी. मग ती नातीकडे वळली. "जा. शाळा सुरू झाली असेल."

"आणि तू काय खाशील?"

"ते मी आणि देवी बघून घेऊ."

पारावरची घंटा वाजून गेली होती. नातीनं पाटी उचलली, ती दारापर्यंत गेली. तिथं ती जरा वेळ उभी राहिली. मग पाटी कोनाड्यात ठेवून ती परत आली, डब्यातून तांदळाचे दाणे काढून तिनं आजीच्या मुठीत दिले आणि अगदी जवळ बसली.

"मी मानत नाही," ती म्हणाली, "पण तू अर्धपोटी राहिलेली मला चालणार नाही."

"देवीला काय पोचतं ते तिचं तिला ठाऊक," आजी म्हणाली. "मला तू पोचतेस."

नातीनं राहिलेली कहाणी सांगितली. रडणारं पोर आलं, शेजारीण आली, तिच्या आवाजाला दोघी हसल्या, आंधळी म्हातारी आली. आजीनं बाजूला काढलेले तीनही चतकोर परत ताटात घेतले आणि खाल्ले. नात समोर बसून बघत होती. कितीतरी दिवसांनी आजीला जेवताना ती बघत होती.

जेवण झाल्यावर आजीनं विचारलं, की त्या पारावर असं काय आहे, की तू रोज पळत सुटतेस? मग नातीनं समई पेटवली, लिंबू आणलं आणि ते समईपुढे फिरवत चंद्र कसा वाढतो, कसा सरतो, ते दाखवलं. आजीनं राहूचं काय, म्हणून विचारलं. नातीनं सांगितलं. आजीनं मान हलवली.

"हे काही मला पटलं नाही," ती म्हणाली. "पण पुन्हा एकदा फिरव बघू."

नातीनं पुन्हा लिंबू फिरवलं. आजी वाकून नीट बघत राहिली. मग ती उठली, तिनं टोपलीतली दुसरी भाकरी काढली आणि तिचा एक चतकोर मोडून ताटात घेतला.

"पोट भरलं नाही का?" नातीनं विचारलं.

"भरलं की. पण आज मी पाच गोष्टी ऐकल्या," आजी म्हणाली आणि पाचवा चतकोर खायला बसली.

तात्पर्य: आपल्या माणसाची श्रद्धा आपल्याला पटली नाही, तरी त्या माणसाला अर्ध्यावर टाकून जाऊ नये, आणि आपला नेम दुसऱ्याच्या आधारानं चालवायचा असेल, तर त्याला आधी विचारावं, मग तो सहा वर्षांचा का असेना.