घट्ट नट

घाटात जीपचं चाक निखळलं आणि ड्रायव्हर भिकाजी जीपसकट दरीत गेला. पंचनाम्याला मालक आबासाहेब फौजदारांसमोर गरजले, "या दौलत मिस्त्रीनं नट ढिले ठेवले! यानंच माणूस मारला!"

दौलतनं रस्त्यावर सापडलेला चाकाचा नट उचलला. ज्यावर नट आवळतात त्या स्टडचा मोडका तुकडा त्यात तसाच होता. "ढिला आहे ना, आबासाहेब? मग बोटांनी फिरवून दाखवा."

आबासाहेबांनी जोर लावला. बोटं सोलली, पण नट तसूभर हलला नाही.

"नट मी आवळला होता, तो अजून घट्ट आहे. ढिला असता तर स्टडवरून फिरून रिकामाच गळून पडला असता. मोडलाय तो स्टड, आणि मोडल्या जागी जुना गंज आहे. तडा गेलाय, बदलू या म्हणालो, तेव्हा 'भिकाजी सांभाळून नेईल' कोण म्हणालं होतं?"

फौजदारांनी नट ताब्यात घेतला. त्याला आबासाहेबांच्या बोटांचं रक्त लागलं होतं.